चिलखताच्या आतला माणूस

शिवजयंतीच्या मिरवणुकीत चिलखत-शिरस्त्राण घातलेल्या सरदाराकडे दुपारी बाराच्या सुमारास जरा जवळून पाहावं. सकाळी छाती काढून उभा राहिलेला तरुण आता खांदे उचलून चालत असतो. दोन्ही अंगठे चिलखताच्या गळ्यात अडकवून त्याने ते पुढे ओढून धरलेलं असतं, कारण सोडलं की कड थेट गळ्याखालच्या आडव्या हाडावर बसते. हात पूर्ण खाली येत नाहीत, काखेत काहीतरी रुतत असतं. रथावर टेकायला जागा मिळाली तरी उपयोग नाही. बसलं की छातीचं कवच वर सरकून हनुवटीला लागतं. बघणारे म्हणतात, ‘वजन असेल हो बरंच.’ काढून काट्यावर ठेवलं तर ते जेमतेम दोन-तीन किलो भरतं. फायबरचं किंवा फोमचं असतं ते. शाळकरी मुलाचं दप्तर याहून जड असतं.

मग छळतं ते काय? छळतं ते माप. नाटकासाठी, मिरवणुकीसाठी, शाळेच्या गॅदरिंगसाठी आपण जी चिलखतं भाड्याने आणतो ती सगळ्यांना बसावीत म्हणून कुणाच्याच मापाची नसतात. खरं चिलखत याच्या उलट होतं. जड होतं, पण घालणाऱ्याच्या अंगावर बेतलेलं होतं. वेशभूषेचं चिलखत सुखाचं करायचं असेल तर जुन्या चिलखतकारांचं डोकं कसं चालत होतं ते आधी समजून घ्यावं लागतं.

युरोपातल्या पंधराव्या शतकातल्या सरदाराचं पायापासून डोक्यापर्यंतचं पोलादी कवच साधारण वीस ते पंचवीस किलोचं असे. ते घालून तो घोड्यावर चढत असे, खाली पडला तर उठत असे, तलवार चालवत असे. ‘दोरखंडाने उचलून घोड्यावर बसवावं लागे’ ही गोष्ट चित्रपटांनी पसरवलेली आहे. मात्र त्रास होतच नसे असंही नाही. इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्ययुगीन कवचांच्या हुबेहूब प्रतिकृती घातलेल्या माणसांना चालत्या पट्ट्यावर चालवून आणि पळवून पाहिलं. चालण्यासाठी लागणारी शक्ती दुपटीहून जास्त वाढली होती. पाठीवर तेवढंच वजन घेतलेल्या माणसापेक्षाही कवचधारी लवकर थकत होता. याची दोन कारणं निघाली आणि दोन्ही आपल्या कामाची आहेत. एक, कवचाचं बरंच वजन पायांवर होतं आणि प्रत्येक पावलाला ते उचलून पुढे न्यावं लागत होतं. दुसरं, छाती-पाठीच्या पत्र्यांमुळे खोल श्वास घेता येत नव्हता, त्यामुळे माणसं भराभर आणि उथळ श्वास घेत होती.

पायावरचं एक किलो वजन पाठीवरच्या चार-पाच किलोंइतकं थकवतं, हे सैनिकांच्या बुटांवर झालेल्या अभ्यासांतून माहीत झालेलं आहे. तेव्हा पोशाखाचा एखादा भाग हलका करायला पैसे आणि वेळ मोजकेच असतील तर ते पायांवर खर्च करावेत. पोटऱ्यांवरची कवचं आणि मोजडीवर चढवायची पायपट्टी पातळ फोमची करावी. जाड आणि देखणं काम छातीवर आणि खांद्यावर करावं. आपल्याकडे नेमकं उलट होतं. मिरवणुकीत पाय सगळ्यांना दिसतात म्हणून पत्र्याचे किंवा जाड फायबरचे पाय करतात आणि तो माणूस तीन तास ते ओढत चालतो.

आपल्याकडची चिलखतं पाहिली तर त्यांची रचना उष्ण हवेला आणि घोडेस्वारीला धरून आहे. लोखंडी कड्यांची जाळी, म्हणजे बख्तर, अंगासोबत वळते; तिच्यातून वाराही खेळतो. त्यावर चार-आईना बांधत. छातीवर एक, पाठीवर एक आणि दोन्ही कुशींना एकेक, असे चार पत्रे चामडी पट्ट्यांनी जोडलेले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराच्या नावाचं 1581 सालचं पोलादी कवच आहे. कुठल्याही संग्रहालयात चार-आईना पाहायला मिळाला तर आधी कुशीच्या पत्र्यांची वरची कड बघावी. ती सरळ नसते. काखेसाठी अर्धगोल कापून घेतलेली असते, म्हणजे हात खाली सोडला तरी कड रुतत नाही आणि तलवार उगारली तरी पत्रा अडत नाही. भाड्याच्या चिलखतात बहुतेक वेळा हाच अर्धगोल नसतो. घरच्या घरी कटरने काखेखाली दोन बोटं फोम उतरवला की निम्मा त्रास जागच्या जागी संपतो.

प्रतापगडाच्या पायथ्याशी 10 नोव्हेंबर 1659 रोजी अफझलखानाशी झालेल्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत आणि डोक्यावरच्या वस्त्राखाली शिरस्त्राण घातलं होतं, असं बखरी सांगतात. महाराज त्या चिलखतासह चालले, खानाला भेटले आणि घाव चुकवून उलट वारही केला. अंगाशी एकरूप झालेल्या चिलखतातच हे शक्य आहे. या प्रसंगाचं नाट्य बसवणाऱ्यांनी म्हणूनच ताठ फायबरचं कवच अंगरख्याखाली कोंबू नये. जाड सुती दोऱ्याची जाळी विणून तिला रुपेरी रंग दिला की काही फुटांवरून ती लोखंडाची वाटते. ही रंगभूमीवरची जुनी युक्ती आहे. ‘माँटी पायथन अँड द होली ग्रेल’ या 1975 सालच्या इंग्रजी चित्रपटातली चिलखतंही विणलेल्या लोकरीची होती. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’साठी न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपने प्लॅस्टिकच्या नळ्या कापून कड्या केल्या आणि एकेक जोडून चिलखतं बनवली. धातूच हवा असेल तर ॲल्युमिनियमच्या कड्या मिळतात. त्यांचं वजन पोलादाच्या साधारण एक-तृतीयांश भरतं.

जाळीचं चिलखत नुसतं अंगात घातलं तर सगळा भार खांद्यांवर लटकतो. त्यावर कमरेला शेला किंवा पट्टा कसून बांधला आणि वरची जाळी थोडी ओढून पट्ट्यावर फुगवटा ठेवला की बराच भार कमरेच्या हाडांवर उतरतो. ताठ कवचालाही हाच न्याय लागू आहे. डोंगर चढणाऱ्यांच्या चांगल्या सॅकला कमरपट्टा असतो तो याच कारणासाठी. खांदे भार सहन करण्यासाठी नसतात. तिथे मानेकडे जाणारे स्नायू असतात आणि तासाभरात ते आखडतात.

आता मापाचं काम. कॉसप्ले करणारी, म्हणजे आवडत्या पात्रांची हुबेहूब वेशभूषा करणारी मुंबई-पुण्याची तरुण मुलं यासाठी जी पद्धत वापरतात ती आपल्या नाट्यसंस्थांनीही उचलावी इतकी चांगली आहे. ज्याला चिलखत घालायचं त्याला एक जुना, टाकाऊ टी-शर्ट घालायला द्यायचा. कंबर ते गळा अशी रुंद कापडी चिकटपट्टी त्या टी-शर्टवर आडवी-उभी चिकटवत न्यायची. घट्ट ओढायची नाही, नुसती टेकवायची. सगळा धडभाग झाकला की मार्करने कवचाच्या रेषा काढायच्या. इथे घाई करू नये. त्याला हात वर करायला सांगावं आणि काखेत जिथे वळी पडते तिथे खूण करावी. खाली वाकायला सांगावं आणि पोटावर जिथे घडी पडते ती रेषा आखावी. खुर्चीवर बसवून मांडी आणि पोट जिथे भेटतात तेही टिपावं. शेवटी खोल श्वास घ्यायला लावून छातीचा घेर पुन्हा मोजावा. तो सहज चार-पाच सेंटीमीटरने वाढतो आणि तेवढी ढील कवचात ठेवायचीच असते. मग पाठीमागून टी-शर्ट कापून काढला की हातात त्या माणसाच्या अंगाचा नकाशा येतो. तो तुकडे करून कागदावर पसरवला की बेतणी तयार.

या बेतणीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: छातीचं कवच बेंबीच्या जरा वर, शेवटच्या बरगडीपाशी थांबलं पाहिजे. खाली ओटीपोटापर्यंत आलेलं एकसंध कवच घालून बसता येत नाही, हीच ती हनुवटीला लागणारी भानगड. जुने कारागीर कमरेखाली एकावर एक सरकणाऱ्या पट्ट्या लावत. वरची पट्टी खालचीवर दोन बोटं येते, आणि सगळ्या आतून चामड्याच्या दोन-तीन उभ्या पट्ट्यांवर रिव्हेट केलेल्या असतात. एकमेकींना त्या जोडलेल्या नसतात, म्हणून वाकलं की मिटतात, उभं राहिलं की उलगडतात. फोममध्ये चामड्याऐवजी निवारीची पट्टी चालते. खांदा, कोपर, गुडघा सगळीकडे हीच रचना. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्यासाठी 1520 साली केलेलं एक कवच असंच सांध्यांसांध्यांत सरकणाऱ्या पट्ट्यांचं आहे. अंगाचा एकही भाग उघडा न टाकता त्यात सगळे सांधे वळतात.

सांध्यांकडे दुर्लक्ष केलं की काय होतं हे हॉलीवूडनेही भोगलं आहे. ‘स्टार वॉर्स’मधल्या सोनेरी यंत्रमानवाचं काम करणाऱ्या अँथनी डॅनियल्सना त्या पोशाखात बसता येत नसे, दोन चित्रणांच्या मधला वेळ ते उभ्याने, टेकून काढत. 1989 सालच्या ‘बॅटमॅन’मध्ये मायकेल कीटनना मान वळवता येत नव्हती, कारण मुखवटा, मान आणि खांदे एकाच रबरी तुकड्यात होते. मागे पाहायचं तर अख्खं धड फिरवायचं. 2008 सालच्या ‘द डार्क नाइट’मध्ये मुखवटा मानेपासून वेगळा केला आणि अंगावरचा पोशाख शंभरहून अधिक लहान तुकड्यांत जाळीदार कापडावर बसवला. कवच जितक्या जास्त तुकड्यांचं, तितकं ते अंगाला आपलं वाटतं. तुकडे वाढले की काम वाढतं, हे खरं. पण एकसंध कवच सोपं पडतं ते फक्त करणाऱ्याला.

आतल्या कपड्याचा विचार सगळ्यात शेवटी होतो, तो पहिल्यांदा व्हायला हवा. जुन्या काळी कापूस भरून शिवलेला जाड अंगरखा आत घालत. तो मार झेलायचा, कड रुतू द्यायचा नाही आणि युरोपात तर कवचाचे हात-पाय त्यालाच नाड्यांनी बांधलेले असत. वेशभूषेत तलवारीचा मार नसतो, तेव्हा एवढ्या जाड कपड्याची गरज नाही. अंगाला चिकटून बसणारा, पूर्ण बाह्यांचा, खेळाडू घालतात तसा टी-शर्ट घ्यावा. त्यावर खांद्याला, दंडाला, मनगटाला नाडीचे फास शिवावेत आणि दंडकवच, दस्ताने त्यांत अडकवावेत. मग दस्ताना खाली घसरत नाही आणि तो घसरू नये म्हणून इलॅस्टिक आवळून हातही सुन्न करावा लागत नाही. खांद्यावर आणि गळ्याच्या कडेला आतून मऊ फेल्टची किंवा जुन्या गोधडीच्या कापडाची पट्टी शिवावी. सुती बनियन तासाभराच्या नाटकाला ठीक आहे. दिवसभराच्या मिरवणुकीत मात्र सुती कापड घाम पिऊन ओलंच राहतं आणि ओलं कापड अंग सोलतं.

उकाडा हा सगळ्यात गंभीर भाग आहे आणि त्याबद्दल आपण फार बेफिकीर आहोत. फोमचं चिलखत हलकं असतं, पण तो फोम म्हणजे चपला-बुटांच्या तळव्यांतलं ईव्हीए; आत बंद बुडबुडे, हवा आरपार जात नाही, उष्णता बाहेर पडत नाही. शरीर थंड होतं ते घाम सुकल्यामुळे. एक लिटर घाम अंगावरून उडून गेला तर शरीरातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम चिलखताखाली नुसता ओघळला तर शरीर जवळजवळ काहीच थंड होत नाही, पाणी आणि मीठ मात्र जातं. रायगडावर 6 जूनला राज्याभिषेक सोहळा असतो. पावसाच्या तोंडावर कोकणच्या डोंगरात हवा दमट असते, घाम आधीच सुकत नाही. त्यात गड चढून आलेला माणूस बंद चिलखतात उभा राहतो. फाल्गुनातल्या तिथीच्या शिवजयंतीलाही ऊन चांगलंच तापलेलं असतं.

यावर उपाय आहेत आणि ते स्वस्त आहेत. कवच अंगाला सपाट चिकटू न देता आतून पाच-सहा ठिकाणी फोमचे बोटभर जाडीचे ठोकळे लावावेत. त्यांच्या मधून हवा खालून वर चढते. पट्ट्या जिथे एकावर एक येतात तिथे वरच्या पट्टीच्या आड भोकं पाडावीत. ती दिसत नाहीत आणि वारा आत येतो. पाठीचा भाग शेल्याखाली किंवा अंगवस्त्राखाली जाणार असेल तर तिथे पूर्ण कवच करूच नये, नुसती जाळी ठेवावी. पॉवर बँकेवर चालणारा लहान पंखा पाठीच्या पोकळीत बसतो. बर्फाची जेल-पिशवी कापडात गुंडाळून दोन खवाट्यांच्या मध्ये ठेवली तर बराच वेळ आराम मिळतो. पाणी थोडं थोडं, सारखं प्यायला हवं. शिरस्त्राण न काढता पिता यावं म्हणून नळीची बाटली सोबत ठेवावी. नुसत्या पाण्यापेक्षा मीठ-साखरेचं सरबत बरं.

आणि चिलखत घातलेल्या माणसासोबत एक साध्या कपड्यातला माणूस असावा. उष्माघात होताना त्या माणसाला स्वतःला कळतंच असं नाही. तो असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, ओकारी येऊ लागली, अंग भाजतं इतकं तापलं, तर मिरवणूक, नाटक, फोटो सगळं सोडून आधी चिलखत उतरवायचं, सावलीत न्यायचं, अंगावर पाणी ओतून वारा घालायचा आणि त्याच वेळी दवाखान्याची गाडी बोलवायची.

म्हणूनच बंद आणि बकलं महत्त्वाची. शिरस्त्राणासह सगळं चिलखत अर्ध्या मिनिटात उतरलं पाहिजे, तेही शक्यतो एकट्याने. पाठीमागे गाठ मारलेल्या नाड्या नकोत. शाळेच्या दप्तराला असतात ती चिमटीची प्लॅस्टिक बकलं दोन्ही कुशींना लावावीत आणि वरून चामड्याची खोटी पट्टी टाकून झाकावीत. वेल्क्रो पटकन निघतं, पण घाम आणि धूळ बसली की धरत नाही. भाराच्या जागी ते लावू नये. लघवीला जाता येईल अशी सोय हा संकोचाचा विषय करू नये. ती नसली की माणसं सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दुपारी भोवळ येऊन पडतात. स्त्रियांच्या बाबतीत तर हे सर्रास होतं. त्यांच्या कवचाबद्दल आणखी एक सांगायला हवं. छातीचा आकार पत्र्यावर उठवायची काही गरज नाही. मधोमध थोडा पुढे काढलेला साधा गोलवा पुरतो. तो दिसतोही योद्ध्याचा आणि छातीच्या मधल्या हाडावर दाबतही नाही.

डोक्यावरच्या ओझ्याचा त्रास त्याच्या तोलामुळे होतो. शिरस्त्राणाचा तुरा, कलगी, मानेवरची जाळी यांनी ते मागे ओढलं जातं आणि माणूस मान ताणून उभा राहतो. बांधकामावरच्या हेल्मेटमध्ये असतो तसा आतला पट्ट्यांचा सांगाडा काढून शिरस्त्राणात बसवला तर ते डोक्याला सगळीकडून सारखं टेकतं आणि वर हवेची पोकळी राहते. कपाळाशी सुती पट्टी हवी, नाहीतर घामासोबत रंग डोळ्यांत उतरतो. आत प्रत्येकाची स्वतःची पातळ सुती टोपी हवी. भाड्याची शिरस्त्राणं अनेक डोक्यांवरून आलेली असतात आणि गजकर्ण, उवा त्यांच्याबरोबर येऊ शकतात. घोड्यावर बसणाऱ्याला खांद्यावरून मागे पाहता आलंच पाहिजे आणि मागून दिलेली हाक त्याला ऐकू आलीच पाहिजे.

रंगमंचावर धातूचे पत्रे एकमेकांवर घासून जो आवाज होतो तो कॉलर माइक हमखास पकडतो. पत्रे जिथे भेटतात तिथे फेल्ट चिकटवलं की संवाद स्वच्छ ऐकू येतात. घरी फोमचं काम करणाऱ्यांनी चिकटवण्याचा रबरी गम आणि फोम तापवणं, दोन्ही दारं-खिडक्या उघड्या ठेवूनच करावं. त्या वाफा डोकं धरतात आणि पेटही घेतात. पोशाख काढल्यावर आतलं अस्तर सुटं करून धुवावं, कवच पुसून सावलीत वाळवावं. पावसाळ्यात बंद पेटीत ओलं ठेवलं तर बुरशी ठरलेली.

शाळेतल्या लहान मुलांसाठी एवढं सगळं करू नये. त्यांना पुठ्ठ्याचं किंवा पातळ फोमचं छातीचं कवच आणि कापडी टोप पुरे. कडा कापडी पट्टीने मढवाव्यात, डोळे पूर्ण उघडे असावेत आणि स्पर्धेत नंबर येईपर्यंत त्यांना पोशाखात ताटकळत ठेवू नये.

मंडळांना आणि ड्रेपरीवाल्यांना माझी विनंती आहे. चिलखत लहान, मध्यम आणि मोठं अशा तीन मापांत ठेवा, कुशींना मागेपुढे होणारे पट्टे लावा, काखेचा अर्धगोल कापा. पोशाख मिरवणुकीच्या सकाळी न देता आदल्या संध्याकाळी द्या. घालणाऱ्याने तो घरी तासभर अंगावर ठेवावा: जिना चढावा, पाटावर बसून उठावं, हात वर करावेत, पाणी प्यावं. जे रुतेल ते कात्री, सुई-दोरा आणि फेल्टच्या तुकड्याने त्याच रात्री दुरुस्त होतं.